प्रवासी तेच, छप्पर वेगळे

जबलपूरच्या मदन महल स्थानकावर उतरलेला प्रवासी पुढे शहर बस गाठतो. त्याला इथवर आणणारा रेल्वे कर्मचारी आणि पुढे नेणारा बसचालक एकाच प्रवासाचे वाटेकरी. घराचा प्रश्न निघाला, की मात्र दोघांच्या वाटा फुटतात.

केंद्राच्या २०१७ च्या घरबांधणी अग्रिम नियमांनी रेल्वे कर्मचाऱ्याला ३४ महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी, कमाल २५ लाखांची रक्कम देऊ केली. पूर्वीची मर्यादा साडेसात लाखांची होती. मुद्दल आधी १८० हप्त्यांत आणि व्याज त्यानंतर ६० हप्त्यांत फेडायचे, ही सवलत मोठीच.

बसचालकामागे असा मालकच उरला नाही. मध्य प्रदेशचे राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि प्रवासी वाहतूक खासगी बसमालकांच्या हाती गेली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवे’तही बस खासगीच राहणार आहेत.

चालकासाठी उरते ती प्रधानमंत्री आवास योजना. २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान कमाल १.८० लाखांचे आहे. पण अनुदान कर्जावर मिळते आणि कर्ज नियमित मिळकतीच्या पुराव्यावर. कंत्राटी चालकाची अडचण नेमकी तिथेच आहे. नव्या सेवेच्या करारांत वेतनपावती आणि भविष्यनिर्वाह निधीची सक्तीची अट घातली, तर सरकारला तिजोरीला फारसा हात न लावताही त्याच्यासाठी बँकेचे दार किलकिले करता येईल.