मोर, चेहरा आणि चौकोनी घरं

सोलापुरी चादरीवरचा मोर अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहा. त्याची मान गोल राहत नाही, पायऱ्यापायऱ्यांची होते. चादर हातभर लांब धरली, की तीच मान पुन्हा डौलदार वळण घेते. आमच्या गावात वाढलेल्या माणसाला डिजिटल फोटोचं मर्म समजायला एवढा मोर पुरेसा आहे.

जकार्ड मागावर नक्षी विणण्याआधी ती आखीव कागदावर घरं भरून काढतात. घरांची उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. जोसेफ मारी जकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पुढे आणलेली ही रीत आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर गेली, पण घरांचा हिशोब तोच राहिला.

फोटोतलं असं एक घर म्हणजे पिक्सेल. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला, तेव्हा त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे एकतीस हजारांच्या आत घरं होती. आज मोबाइलच्या बारा मेगापिक्सेल फोटोत साधारण ४००० गुणिले ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख घरं असतात.

आकार बदलणं आणि कातरणं

फोटो लहान-मोठा करणं म्हणजे रिसाइझ, कातरणं म्हणजे क्रॉप. दोन्ही कामं एकच समजल्यामुळे बरेच फोटो बिघडतात. रिसाइझमध्ये पूर्ण चित्र तेच राहतं, ते किती घरांत बसवायचं ते बदलतं. क्रॉपमध्ये कडेची घरं कापून टाकली जातात, उरलेली जशीच्या तशी राहतात.

बँक भरतीचा ऑनलाइन अर्ज घ्या. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो. पोरांच्या हातात असतो ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो. इंचाला ३०० घरं या हिशोबाने तो साधारण ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल होतो. घाईत २०० आणि २३० हे आकडे टाकून फोटो दाबून बसवला, की चेहरा उंचीच्या मानाने सुमारे बारा टक्के रुंद होतो. अर्जावरचा मुलगा समोरच्या मुलासारखा दिसत नाही.

उपाय सोपा आहे. आधी क्रॉपची चौकट २० : २३ या प्रमाणात बांधायची. रुंदी ४१३ तशीच ठेवून उंची ४७५ वर आणायची, म्हणजे वरून-खालून मिळून ५६ घरं कातरायची. त्यात केस आणि हनुवटी सांभाळायची. मग रिसाइझ करून २०० गुणिले २३० करायचं. केबीचा आकडा शेवटी, जेपीईजीचा दर्जा कमी-जास्त करून जमवायचा. आधी कातरणं, मग आकार, मग वजन, हा क्रम मोडायचा नाही.

नक्षीकाराला हे प्रमाणाचं भान कायम ठेवावं लागतं. कापडात इंचाला ताण्याचे धागे जास्त आणि बाण्याच्या फेऱ्या कमी असतील, तर साध्या चौरस घरांवर काढलेला मोर विणल्यावर उभट होतो. म्हणून धाग्यांच्या प्रमाणात आखलेला कागद घेतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लांबी-रुंदीच्या आकड्यांमध्ये साखळीचं चिन्ह दिसतं. ती साखळी जोडलेली ठेवली, की एक आकडा बदलल्यावर दुसरा आपोआप प्रमाणात बदलतो. आपला मोर ती साखळी राखते.

मोठं करताना

फोटो लहान करताना जवळजवळची घरं मिळून एक होतात आणि बारकावे जातात. मोठा करताना नवी घरं भरावी लागतात, आणि त्यांचे रंग सॉफ्टवेअर शेजारच्या घरांवरून अंदाजाने ठरवतं. बायक्युबिक पद्धतीत त्यासाठी आजूबाजूची सोळा घरं पाहिली जातात. त्यातून कडा मऊ होतात, पण मूळ फोटोत नसलेली पापणी उमटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधनं पापणी काढून देतात, पण ती त्या माणसाचीच असेल असं नाही.

छपाई कुठून पाहिली जाणार यावरही बरंच ठरतं. हातात धरायच्या फोटोला इंचाला ३०० घरं हवीत. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला म्हणून १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात. हाच नियम दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला लावला, तर शंभर कोटींहून जास्त घरं होतील. पण चौकातला फ्लेक्स लांबून पाहतात, त्याला इंचामागे फार कमी घरं चालतात. चादर हातभर दूर धरल्यावर मोर गोल दिसतो, तसंच.

काय ठेवायचं

आकार हा गणिताचा भाग. कातरताना मात्र माणसाला निर्णय घ्यावा लागतो. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ध्वजाची काठी उंचच उंच, आणि ती पेलणारा बाराबंदी घातलेला भक्त खाली. आडव्या चौकटीत दोन्ही मावत नाहीत. वरचं कातरलं तर ध्वजाची उंची जाते, खालचं कातरलं तर तो भार कुणाच्या अंगावर आहे तेच दिसत नाही. असा फोटो उभाच ठेवावा. जागा आडवी असेल, तर मला विचाराल तर माणूस ठेवावा. ताणलेले दंड पाहिले, की न दिसणाऱ्या ध्वजाचं वजन कळतं.

कातरलेलं परत येत नाही, हे मी घरातच शिकलो. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. एका लग्नातला तीसेक माणसांचा फोटो होता. रात्री संगणकावर त्यातून बाबांना कातरून घेतलं. तुकडा निघाला ४०० गुणिले ५०० पिक्सेलचा. आठ बाय दहा इंचाच्या फ्रेमला इंचाला जेमतेम पन्नास घरं मिळाली, चेहरा धूसर आला. तेही चाललं असतं. पण जतन करताना मी मूळ फाइलवरच जतन केलं, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून सांगतो, फोटो उघडला की आधी नवं नाव देऊन प्रत करा. फोटोशॉपमध्ये क्रॉप करताना कापलेले पिक्सेल काढून टाकण्याचा पर्याय बंद ठेवा आणि काम पीएसडी फाइलमध्ये जतन करा. म्हणजे कातरलेला भाग नुसता झाकला जातो, पुढे कधीही उघडता येतो. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो आपोआप लहान होणार नाही.

आमच्या भिंतीवरच्या फोटोत बाबांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. शेजारी कुणीतरी प्रेमाने हात टाकून उभं होतं. आई म्हणते तिचा भाऊ असेल, काका म्हणतात बाबांचा मिलमधला मित्र. मी कातरलेल्या घरांमध्ये तो माणूस होता.