सुटी कोणाला, काम कोणाला?

१ मे हा दिवस महाराष्ट्रात दुहेरी मानाचा आहे. १९६० साली याच दिवशी राज्याची स्थापना झाली, आणि जगात अनेक देशांत हाच दिवस कामगारांचा म्हणून पाळला जातो. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी त्या दिवशी सकाळी तहसील कचेरीत, नगरपरिषदेत व शाळांतून ध्वजवंदन होते आणि त्यानंतर कचेऱ्यांना कुलपे लागतात. त्याच सुमारास बाजारपेठ उघडू लागते. कापडाच्या दुकानातील नोकर गाठोडी सोडतो, किराणा दुकानातील पोरगा पोती ओढून बाहेर मांडतो, हॉटेलातील कारागीर भट्टी पेटवितो. कामगारांच्या दिवशी कारकून घरी आणि कामगार कामावर, ही विसंगती इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. सार्वजनिक सुटीच्या दिवशी नोकराने काम केलेच पाहिजे काय, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

या प्रश्नाचा विचार करताना एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. शासनाने सुटी जाहीर केली म्हणजे ती सर्वांना मिळाली, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. राज्यात दरवर्षी ज्या सुमारे दोन डझन सुट्या जाहीर होतात त्यांचा आधार १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम हा आहे. हुंड्या, वचनचिठ्ठ्या व धनादेश यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी केलेला तो कायदा. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी भरली तर पैसे केव्हा द्यावयाचे, हे ठरविता यावे म्हणून त्यात सार्वजनिक सुटीची व्याख्या आली. या सुट्यांना बँका बंद राहतात व शासन आपल्या कचेऱ्या बंद ठेवते. परंतु खासगी दुकानातील नोकराला घरी बसण्याचा हक्क त्या अधिसूचनेतून मिळत नाही.

नोकरदार वर्गातही ही सुटी एकसारखी नाही. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्या जाहीर करतात, त्यांत विदर्भात बहुधा पोळ्याचा समावेश असतो. त्या दिवशी तहसील कचेरी बंद असते आणि शेजारची बँक मात्र चालू राहते. उलट १ एप्रिल ही बँकांची सुटी. पण ती वार्षिक हिशेब पुरे करण्यासाठी दिलेली असल्यामुळे दाराला कुलूप आणि आत कारकून खातेवहीत मान घालून बसलेला, असा तो दिवस असतो.

न्यायालयानेही या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. दादरा व नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. त्या दिवसाची सुटी २०२१ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, सार्वजनिक सुटी मागण्याचा कायदेशीर हक्क कोणालाही नाही. तो शासकीय धोरणाचा विषय आहे. सुट्या आधीच फार झाल्या असून त्या कमी करण्याची वेळ आली असावी, असेही न्यायालयाने सुचविले. कचेरीचा उंबरठा झिजविणाऱ्या शेतकऱ्याला हे मत पटण्यासारखेच आहे. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यावर दाखल्यासाठी येणाऱ्याला सुट्यांचा हिशेब अधिकच काळजीपूर्वक करावा लागतो.

परंतु सुट्या फार झाल्या ही तक्रार कोणाच्या सुट्यांविषयी आहे, हेही विचारले पाहिजे. ज्याला मुळात एकही मिळत नाही त्याच्या सुट्या जास्त कशा होणार? येथे इतिहासाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. रविवारची सुटी या देशातील गिरणी कामगाराला आपोआप मिळालेली नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी केली. मालकांनी ती मान्य करण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. आज जो शिक्षक वा कारकून रविवारी निवांतपणे वर्तमानपत्र उघडतो, त्याची ती निवांतता सूत कातणाऱ्या कामगारांनी सहा वर्षे झगडून मिळविलेली आहे.

तो वारसा लहान गावच्या दुकानापर्यंत कितपत पोहोचला? दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा कायदा केला. त्यात कामगाराला वर्षाकाठी आठ सणांच्या पगारी सुट्या देण्यात आल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक व कामगारांनी स्थानिक रूढी पाहून ठरवावयाचे. त्या दिवशी कामास बोलाविल्यास दुप्पट वेतन आणि बदली सुटी, अशी योजना आहे. काम करावेच लागेल काय, या प्रश्नाचे हे न्याय्य उत्तर होय. पण हा कायदा करतानाच तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता ठेवण्यात आला. त्यापूर्वीच्या १९४८ च्या कायद्यात नोकरांच्या संख्येची अशी अट नव्हती. २०२५ मध्ये तर ही मर्यादा वीसवर नेण्याचे राज्य मंत्रिमंडळाने ठरविले. चांदूर बाजारच्या पेठेत वीस नोकर असलेली दुकाने किती निघतील? जेथे दोन-तीन माणसांवर दुकान चालते, तेथे आठ दिवसांचा हा हक्क पोहोचतच नाही.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. शिरजगाव कसबा, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी येथील माणूस सवड काढून तालुक्याला येतो तो सणासुदीला. त्याच दिवशी दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक अमरावती किंवा परतवाडा गाठते. लहान दुकानदार स्वतःही गल्ल्यावर बसून राबतो. दिवाळीच्या सुमारास संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला असतो. फळ झाडावर सणासाठी थांबत नाही. हे सर्व खरे आहे. म्हणून सर्वांनी एकाच दिवशी काम बंद ठेवावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. एसटीचा वाहक, दवाखान्यातील परिचारिका, वीजमंडळींचा तारतंत्री यांनी सुटी घेतली तर इतरांच्या सणाचा विचका होईल.

शिक्षकांच्या बाबतीत तर न्यायालयानेच सुटीच्या दिवशी काम सांगितले आहे. मतदारयाद्यांची कामे व निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत, एरवी शिकविण्याच्या वेळात त्यांना त्यासाठी ओढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरविले. विद्यार्थ्याचा तास वाचावा म्हणून शिक्षकाने आपला दिवस द्यावा, हा त्यातील विचार योग्यच आहे. पण जो दिवस दिला त्याची भरपाई शिक्षकाला मागता येते, तिच्यासाठी नियम आहेत आणि पाठीशी संघटना आहे. दुकानातील नोकराला यांपैकी काहीच नाही. दोघांतील अंतर श्रमाचे नसून संरक्षणाचे आहे.

हे संरक्षण लहान आस्थापनांना देता येत नाही, असे म्हणावे तर एक उदाहरण आड येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार मतदानाच्या दिवशी प्रत्येक नोकरदार मतदाराला पगारी सुटी द्यावी लागते. तेथे नोकरांची संख्या मोजली जात नाही आणि रोजंदारीवरील माणसाची मजुरीही कापता येत नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याचाच काय तो अपवाद. मोडणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंतचा दंड आहे. तो क्षुल्लक खरा, पण तत्त्व स्पष्ट आहे. मताची गरज असते तेव्हा कायदा शेवटच्या दुकानापर्यंत जातो. मग स्वातंत्र्यदिनी व कामगारदिनी त्याची पावले दहा किंवा वीस नोकरांच्या उंबरठ्यावर का अडावीत?

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. पोळ्याच्या दिवशी येथे बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. खांदेमळणी होते, बैलाला पुरणपोळी भरवितात आणि गड्याला बोजारा मिळतो. पेरणी-डवरणीची कितीही घाई असली तरी त्या दिवशी औत जुंपण्याचे कोणाच्या मनात येत नाही. बैलाला जे रूढीने मिळाले, ते दुकानातील माणसाला अजून कायद्यानेही मिळालेले नाही.

राष्ट्रीय दिवसांच्या चार सुट्यांपुरती तरी नोकरांच्या संख्येची अट काढून टाकणे शासनाला अवघड नाही. कायदा बदलेपर्यंत व्यापारी मंडळांना पाळीपाळीने सुटी देण्याची पद्धत सुरू करता येईल. सणाला थांबणाऱ्या नोकराला दुप्पट मजुरी व पुढे एक मोकळा दिवस द्यावा आणि कोणाची पाळी केव्हा, हे आठवडाभर आधी सांगावे. त्याने कोणाचे दुकान बुडणार नाही. आणि ज्यांची सुटी सुरक्षित आहे त्या शिक्षकांनी व कारकुनांनी आपल्या संघटनांच्या मागण्यांत या मूक नोकरासाठी एक ओळ घातली, तर लोखंडे यांच्या कामगारांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.