रिकाम्या चढायांची यादी

कबड्डीचा सामना जन्मतःच कापलेला असतो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, तीस सेकंदांच्या आत परततो किंवा धरला जातो, शिट्टी होते आणि समोरच्याची चढाई सुरू. चाळीस मिनिटांच्या खेळात अशा साधारण ऐंशी चढाया. प्रत्येकीला सुरुवात आहे, शेवट आहे, निकाल आहे. फुटबॉलच्या चित्रणावर काम करणाऱ्याला हे सुख नाही. तिथे चेंडू वाहता राहतो आणि हल्ला नेमका कुठून सुरू झाला, हे ठरवण्यातच रात्र सरते. कबड्डीत कात्री नियमांनीच चालवून ठेवलेली आहे. तुकडे कोणत्या ढिगात टाकायचे, एवढंच उरतं. आणि व्हिडिओ अॅनालिस्टची सगळी कसोटी तिथेच लागते.

हा उद्योग मुळात रुजला तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी १९४०च्या दशकात सामन्यांची फिल्म पुन्हा पुन्हा चालवून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावासाठी गुण द्यायची शिस्त लावली. तेव्हा फिल्म खरोखरची होती, सोळा मिलिमीटरची, आणि ती खरोखरच कापून चिकटवावी लागे. २००६ साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात सुरू झालेल्या 'हडल' कंपनीनं हे काम शाळांच्या संघांपर्यंत नेलं. आता प्रशिक्षक फोनवरच प्लेलिस्ट लावतो आणि मुलं बसमध्ये बसून ती बघतात. त्या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. बहुतेकदा चौथ्याला चेंडू लाथाडून द्यावा लागतो, म्हणून सगळा जोर तिसऱ्यावर. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करताना सर्वांत आधी मागवली जाते ती 'तिसऱ्या प्रयत्नांची' यादी.

कबड्डी जाणणाऱ्याला इथे ओळखीचं काही दिसेल. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. प्रो कबड्डीनं घरोघरी नेलेली ही 'डू ऑर डाय', मैदानावरच्या भाषेत नुसती 'थर्ड रेड'. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे आणायचा प्रयत्नही झाला होता. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया २०१२मध्ये सुरू झाली, तीत 'पुणे मराठाज' नावाचा संघसुद्धा होता. तो खेळ इथे रुजला नाही. पण त्याची चित्रण लावायची पद्धत कबड्डीला अशी चपखल बसते की जणू तिच्यासाठीच बेतलेली.

काम चालतं ते असं. सामना संगणकावर चालू करायचा आणि प्रत्येक चढाईला टॅग मारायचे. कोण गेला, डावीकडून की उजवीकडून, समोर किती गडी होते, गुणफलक काय होता, कितवी चढाई, पहिला स्पर्श हाताचा की पायाचा, पकड कोणी सुरू केली आणि कोण मदतीला आला, निकाल काय. प्रत्येक टॅगला कळफलकावरचं एक बटण नेमलेलं असतं आणि सराईत माणूस सामना न थांबवता टॅग मारत जातो. क्लिप मात्र मध्यरेषेपासून सुरू करून भागत नाही. आधीचा चढाईपटू परत फिरला की त्याच्या पाठीवरच समोरचा घुसतो. तेव्हा बचाव अजून जागेवर आलेला नसतो, कोपऱ्यावरच्या गड्याचा हात साखळीत गेलेला नसतो. म्हणून चार-पाच सेकंद आधीपासूनचं चित्र ठेवावं लागतं. नाहीतर बचावाची चूक दिसते, तिचं कारण दिसत नाही.

टॅगांमध्ये सर्वांत बोलका कुठला, असं विचारलं तर मी 'समोर किती गडी' हाच सांगेन. बोनसचा गुण सहा किंवा सात गडी मैदानात असतानाच मिळतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर, निदानरेषेच्या एक मीटर पलीकडे. समजा, डावीकडून चढाई करणारा एक मुलगा आहे. त्याच्या सगळ्या चढाया सलग पाहिल्या तर तो चपळ वाटतो, गुणही बरे आहेत. आता गाळणी लावायची. सात किंवा सहा गडी असतानाच्या चढाया एका यादीत, पाच-चार असतानाच्या दुसऱ्या यादीत. पहिल्या यादीत तो कोपऱ्याला खेळवतो, मागचा पाय हवेत ठेवून पुढच्याची बोटं रेषेपलीकडे टेकवतो आणि निघतो. दुसऱ्या यादीत तोच मुलगा निदानरेषा ओलांडतो, दोनदा हात फिरवतो, परततो. रिकामी. पुन्हा रिकामी. बोनस काढून घेतला की त्याच्याकडे दुसरं हत्यार नाही, हे दोन मिनिटांत कळतं. सलग सामना पाहताना ते सुटलं असतं, कारण रिकामी चढाई कोणाच्या लक्षात राहत नाही.

तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असतानाची यादी हा आणखी वेगळा खेळ. तिथे पकड झाली तर बचावाला जादा गुण मिळतो, वर्तमानपत्रं जिला अव्वल पकड म्हणतात ती. हुशार कोपरारक्षक अशा वेळी मुद्दाम पाय पुढे ठेवतो, आमिष म्हणून. एकदा पाहिलं तर तो निष्काळजीपणा वाटतो. त्याच्या अशा सगळ्या क्लिपा एकाखाली एक लावल्या की तो सापळा असल्याचं उघड होतं.

पण हे सगळं चित्रणात दिसायला हवं, आणि आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. सुदुंबरे घ्या. मावळातलं हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक.  प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण जिथे घरचे सामने खेळत आली ते बालेवाडीचं क्रीडासंकुल इथून फार लांब नाही. तुकोबांचे अभंग ज्यांनी वहीत उतरवले त्यांच्या गावाला नोंद ठेवण्याचं मोल मी काय सांगणार! तरी या अवघ्या पट्ट्यात, आणि मावळातच कशाला, सांगलीपासून रायगडापर्यंत, गावोगावच्या स्पर्धांचं चित्रण होतं ते प्रेक्षकांसाठी. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, कोपऱ्यात गुणफलक, खाली दात्यांची नावं, वर समालोचकाचा चढता सूर. कॅमेरा मध्यरेषेच्या बाजूला, आणि चढाईपटू आत शिरला की चित्र त्याच्यावर मोठं होतं. पाहायला मजा येते. मात्र दुसऱ्या टोकाचा कोपरारक्षक चौकटीबाहेर गेला की त्या क्लिपची निम्मी किंमत गेली.

निवडीसाठी चित्रण हवं असेल तर फोन अंतिम रेषेच्या मागे, उंचावर ठेवायचा. ट्रॉलीवर उभं राहा, शाळेच्या गच्चीवर जा, मंडपाच्या खांबाला बांधा. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. सगळेच्या सगळे गडी चौकटीत बसले की फोनला हात लावायचा नाही. चित्र मोठं करायचं नाही, दोन चढायांच्या मध्ये बंद करायचं नाही. बनियनवरचे आकडे वाचता येत नसतील तर सामन्याआधी सातही जणांना ओळीनं उभं करून कॅमेऱ्यासमोर नावं बोलायला लावायची. फाइलच्या नावात तारीख, गाव, दोन्ही संघ आणि फेरी. 'फायनल नवीन २' नावाच्या फाइलीत सहा महिन्यांनी काय आहे, हे ती ठेवणाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही.

मुलं स्वतः पाठवतात ते व्हिडिओ वेगळेच. दीड मिनिट, मागे डीजेचं गाणं, प्रत्येक चढाई यशस्वी, प्रत्येक पकड हवेत उचलून. निवड करणाऱ्यानं ते पाहावेत आणि बाजूला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांतून मुलाचं सर्वोत्तम रूप कळतं, पण संघाला विकत घ्यायचा असतो तो त्याचा रोजचा खेळ. त्याऐवजी एक अख्खा सामना मागवावा, शक्यतो हरलेला. त्यातून तीन याद्या काढाव्यात. पहिली, रिकाम्या चढाया. दुसरी, पकडला गेल्यावर तो पुन्हा आत आला त्यानंतरची पहिली चढाई, म्हणजे पाय आखडतो की नाही ते कळतं. तिसरी, बचावात त्यानं न केलेल्या पकडी. कव्हरवरचा गडी चढाईपटूला धक्का देण्याऐवजी जागेवर थांबला, तो संयम होता की भीती, हे एका क्लिपमधून ठरत नाही. पंधरा क्लिपा एकाखाली एक पाहिल्या की सहसा ठरतं.

प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाल्यापासून या कामाला पैशाचं वजन आलं. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा किताब घेतला. एवढी रक्कम लावणारा संघ नुसत्या ऐकीव कीर्तीवर बोली लावत नाही.

तरी प्लेलिस्टला देव मानू नये. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडून उतरला तेव्हा इतर संघांकडे त्याचं सांगण्यासारखं चित्रण नव्हतं आणि त्यानं दोनशेहून जास्त गुण लुटले. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. आता सगळ्यांकडे त्याची चढाई न् चढाई होती. तो कुठून शिरतो, खांद्याचा जोर कसा लावतो, कोणाला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, सगळं सर्वांनी पाहिलेलं. तरीही त्यानं पुन्हा दोनशेचा आकडा ओलांडला. काय येणार हे ठाऊक असणं वेगळं आणि ते अंगावर येताना थोपवणं वेगळं.

चित्रण हाताशी असून निर्णय होत नाही, असंही घडतं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८. भारताच्या पवन सेहरावतची थर्ड रेड. तो कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे गडीही गेले. कोण बाद? पंचांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, खेळ बराच वेळ थांबला. पाय कुठे पडला यावर वाद नव्हताच. वाद होता तो जुना नियम लावायचा की नवा, यावर, आणि त्याचं उत्तर कुठल्याच कोनातल्या कॅमेऱ्यात नव्हतं. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

महिलांच्या कबड्डीची कथा मात्र याआधीच्या पायरीवर अडकली आहे, कारण लावायला क्लिपाच नाहीत. २०१६मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, 'आइस दिवाज'ची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. ती स्पर्धा एका मोसमानंतर पुन्हा भरली नाही. २०१८मध्ये जकार्ताला इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवून आशियाई सुवर्ण नेलं, तेव्हा त्यांच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून नाशिकच्या शैलजा जैन बसल्या होत्या. भारतीय कबड्डीत उभी हयात घालवलेल्या या बाईंना आपल्या मुलींचा खेळ आतून माहीत होता. तसा जाणकार प्रत्येक संघाला मिळत नाही, म्हणूनच चित्रण लागतं. मुलींचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, पुरुषांपेक्षा लहान. ते चौकटीत बसवायला ट्रॉलीइतकी उंचीही पुरते. पुढच्या स्पर्धेत आयोजकांनी त्यांच्या पहिल्या सामन्यापासूनच फोन चालू करायला हरकत नाही.