कर्करोग आणि जनुकांचे जाळे

बऱ्हाणपूर शहराच्या उत्तरेस, लालबागेच्या परिसरात, एका ओळीने बांधलेली विहिरींसारखी गोल तोंडे दिसतात. त्यांना कुंड्या म्हणतात. नवख्या माणसाला त्या निरनिराळ्या विहिरी वाटतात. पण खाली उतरून पाहणाऱ्याला निराळाच प्रकार आढळतो. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत झिरपणारे पाणी एका बोगद्यात घेऊन, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणण्याची ही योजना आहे. शंभराच्या आसपास असलेल्या या कुंड्या त्या एकाच बोगद्याची हवेची व देखरेखीची तोंडे होत. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या पुढाकाराने हे कुंडी भांडार उभे राहिले. अशा व्यवस्थेत एखाद्या कुंडीचे पाणी आटले, तर तिच्यात डोकावून कारण सापडेलच असे नाही. ते पुष्कळदा वरच्या अंगाला, भलत्याच ठिकाणी असते.

कर्करोगाच्या संशोधनात अलीकडच्या काळात जो दृष्टिपालट झाला, तो समजण्यास हा दाखला उपयोगी पडेल. मानवी पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा दुभंगावे आणि बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर केव्हा मरावे, हे या जनुकांच्या आज्ञांनी ठरते. त्या आज्ञा न पाळता पेशी वाढतच राहिल्या म्हणजे कर्करोग होतो. प्रारंभी शास्त्रज्ञांचा भर दोषी जनुक हुडकून काढण्यावर होता, आणि तो मार्ग निष्फळ ठरला असे मुळीच नाही. परंतु गाठींतील जनुकांचे वाचन जसजसे वाढत गेले, तसतशी एक अडचण स्पष्ट झाली. एकाच अवयवाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाठींत बिघडलेली जनुके मात्र वेगळी निघत. रोग एक आणि गुन्हेगार अनेक, हे कोडे जनुके सुटी सुटी मोजून सुटणारे नव्हते.

कारण जनुके एकेकटी काम करीत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे प्रथिन असते. वाढीचा निरोप बाहेरून आला की ते तो आत रास या प्रथिनाकडे देते. रासकडून तो राफकडे आणि पुढे टप्प्याटप्प्याने पेशीकेंद्रात पोचतो. यांतील कोणताही एक टप्पा कायमचा उघडा राहिला, तरी परिणाम एकच होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केरास बिघडलेले असेल, तर बीराफ सहसा शाबूत असते, आणि बीराफ बिघडलेले असेल, तर केरास. दोघेही एकाच पाटावरचे दरवाजे असल्यामुळे एक मोडला की दुसरा मोडण्याचे कारण उरत नाही. या उलट टीपी ५३ हे जनुक एखाद्या चौकासारखे आहे. त्यापासून निघणारे पी ५३ प्रथिन अनेक जनुकांवर हुकमत चालविते. त्यांपैकी एमडीएम २ हे पी ५३ चाच नाश घडवून आणते. म्हणजे पहारेकरी आपल्यावर लगाम घालणारा आपणच नेमतो! निरोगी पेशीत हा तोल सांभाळला जातो. पुष्कळ कर्करोगांत तो गेलेला असतो.

या जोडण्या न पाहिल्यास उपचारही कसे फसतात, याचे उदाहरण बोलके आहे. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठीत बीराफ बिघडलेले असते. त्यावर नेमका आघात करणारे व्हेमुराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मंजूर झाले व अनेकांच्या गाठी झपाट्याने आक्रसल्या. आतड्याच्या काही कर्करोगांतही बीराफचा हुबेहूब तोच बिघाड असतो. तेव्हा तेथेही हे औषध चालावे, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात ते फारच थोड्यांना लागू पडले. अॅमस्टरडॅम येथील कर्करोग संस्थेतील रेने बर्नार्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत निरनिराळी जनुके बंद करून पाहिली आणि २०१२ मध्ये उत्तर दिले. बीराफ बंद झाले की खालून येणारा एक आवर सुटतो आणि ईजीएफआर अधिक जोराने काम करू लागते. निरोप दुसऱ्या वाटेने पुढे जातो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर अत्यल्प असल्याने तेथे ही पळवाट नव्हती. यातून दोन्ही दरवाजे एकदम बंद करण्याची कल्पना निघाली. एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब या औषधांच्या जोडीला आतड्याच्या अशा कर्करोगासाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

असे जाळे रेखाटतात कसे? एक रीत अशी की, शेकडो गाठींत प्रत्येक जनुक किती कार्यरत आहे हे मोजावयाचे आणि कोणती जनुके बरोबरीने चढतात-उतरतात ते संगणकाकडून काढून घ्यावयाचे. दोन कुंड्यांची पातळी नेहमी एकदम वरखाली होत असेल, तर त्या आतून जोडलेल्या असाव्यात, असा हा तर्क आहे. पण तो तर्कच. दोन्हींवर एकच पाऊस पडत असल्यानेही तसे होऊ शकते. खात्री करावयाची तर एकीचे पाणी अडवून दुसरीत काय होते ते पाहिले पाहिजे. अॅमस्टरडॅमच्या प्रयोगाचे मोल यातच आहे. दुसरी रीत म्हणजे बिघडलेली जनुके प्रथिनांच्या ज्ञात जोडण्यांच्या नकाशावर मांडून त्यांचे दाट पुंजके शोधणे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी याकरिता उष्णतेच्या प्रसरणाचे गणित वापरले. प्रत्येक बिघडलेले जनुक तापलेले समजावयाचे, ती ऊब जोडण्यांतून पसरू द्यावयाची आणि कोणता भाग एकत्र तापला ते पाहावयाचे. २०१५ मध्ये त्यांनी १२ प्रकारच्या कर्करोगांच्या ३,२८१ गाठी अशा तपासल्या. क्वचित बिघडणारी, म्हणून नजरेतून निसटणारी जनुकेही त्यात आपल्या सोबत्यांसह वर आली.

हे सर्व दूरदेशीचे वाटेल. पण तंबाखू गालात धरण्याची सवय असलेल्या प्रदेशाला त्याचे अगत्य अधिक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा १९४४ सालीच प्रसिद्ध केला होता. त्याच रुग्णालयाचे खारघर येथील संशोधन केंद्र व बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्था यांनी हिरड्या व गालाच्या आतल्या भागाच्या कर्करोगातील जनुके वाचली. ५० रुग्णांच्या गाठी प्रथम व आणखी ६० रुग्णांच्या पडताळणीसाठी घेतल्या गेल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टीपी ५३, फॅट १, कॅस्प ८, एचरास, नॉच १ यांचे बिघाड डोके व मानेच्या इतर कर्करोगांतही दिसतात. पण यूएसपी ९ एक्स, अॅरिड २ यांसारखी काही जनुके या गालाच्या रोगात विशेषत्वाने बिघडलेली निघाली. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या कामाच्या वाटा मांडल्यावर रुग्णांचे गट पडले, आणि काही गटांतील रुग्ण उपचारानंतर अधिक काळ रोगमुक्त राहिल्याचे दिसले.

या नकाशांवर भार टाकताना सावधगिरी मात्र हवी. ज्या जनुकांचा अभ्यास फार झाला, त्यांच्या जोडण्याही फार नोंदल्या गेल्या आहेत. पी ५३ भोवती रेषांची गर्दी दिसते, ती काही अंशी त्याच्या महत्त्वाची आणि काही अंशी त्याच्यावर लिहिलेल्या निबंधांची आहे. शिवाय गाठीतील सर्व पेशी एकसारख्या नसतात, आणि उपचार चालू असतानाही जाळे बदलत राहते.

तंबाखू चघळणाऱ्याच्या गालात पुष्कळदा पांढरा चट्टा पडतो. असे बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, काही बदलतात. कोणता बदलेल, हे सांगण्यासाठी डॉक्टर आजही त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या तुकड्यातील जाळ्याचा कोणता धागा सर्वांत आधी सुटतो, याचा शोध आता सुरू आहे.