डोंगर आधी, रूळ नंतर : रेल्वेच्या लघुप्रतिकृतीतील भूदृश्याची उभारणी

रेल्वेची लघुप्रतिकृती पाहावयास आलेला प्रेक्षक प्रथम इंजिनाकडे पाहतो. गाडी दोन-तीन फेऱ्या मारते, आणि त्याची नजर हळूहळू गाडीवरून सरकून भोवतालच्या डोंगरावर, झाडांवर, फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसांवर स्थिरावते. पुढचा सारा वेळ तो तेथेच रेंगाळतो. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे पटेल. गाडी विकत मिळते. तिच्या भोवतालचा मुलूख स्वतःच घडवावा लागतो. तो कसा घडवितात, हे येथे सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी कर्जत ते लोणावळा हा आपल्या ओळखीचा बोरघाट घेतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठा, खळ आणि कात्री यांवर ज्यांचा हात बसला, त्यांना यातील बहुतेक कामे परकी वाटणार नाहीत.

प्रथम थोडे गणित. या छंदात सर्वाधिक रूढ असलेले माप ‘एच-ओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते. पंधरा मीटर उंचीचे झाड सुमारे १७ सेंटिमीटरचे होते, तर मध्यम उंचीचा माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे. ते या मापात उतरवावयाचे म्हटले, तर ३२० मीटरहून लांब सभागृह लागेल, आणि घाटाची सुमारे ५६० मीटरची चढण दाखविण्यासाठी दुमजली घराएवढी उंची. म्हणून निवड करावी लागते. आठ फूट लांब व तीन फूट रुंद फळीवर सारा घाट मावणार नाही. परंतु एक बोगद्याचे तोंड, कातळात खोदलेला मार्गाचा एक तुकडा आणि घळीवरचा एक कमानीचा पूल एवढे सहज मावते. घाटाचा स्वभाव एवढ्यातही कळतो : एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला दरी. बोरघाटातील चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. प्रतिकृतीतही तो तसाच ठेवावा. दर मीटरला सुमारे २७ मिलिमीटर. लहान इंजिनाला आखूड गाडीसह तो झेपतो. खऱ्या घाटात गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने कशासाठी लागतात, हे मुलांना त्यावरून न सांगता समजते.

नवशिक्यांच्या बहुतेक मांडण्या सपाट फळीवर रूळ ठोकून सुरू होतात आणि नंतर रिकाम्या जागी डोंगर ‘ठेवला’ जातो. तो ठेवल्यासारखाच दिसतो. निसर्गात डोंगर आधी होता, रूळ नंतर आले. मांडणीतही जमीन रुळांच्या वर जावयास हवी, तशीच खालीही उतरावयास हवी. यासाठी सलग फळी न वापरता लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करतात. तिच्यावर कमी-अधिक उंचीचे ठोकळे उभे करून त्यांवर केवळ रुळांपुरती प्लायवूडची पट्टी बसवितात. बाकीची जागा मोकळी राहते आणि दरी खाली उतरू शकते. डोंगराचा गाभा थर्माकोलचे थर एकावर एक चिकटवून होतो. येथे फेव्हिकॉलच वापरावा. काही द्रावणयुक्त गोंद आणि फवारणीचे रंग थर्माकोल विरघळवून टाकतात. गाभ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजविलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या पसरल्या की, टणक कवच तयार होते.

मग कातळ. या टप्प्यावर परदेशी पुस्तकांवर विसंबू नये. खडकाचे तयार साचे बहुधा आल्प्स किंवा अमेरिकेतील पर्वत नजरेसमोर ठेवून केलेले असतात. त्यांतील थर तिरके, दुमडलेले असतात. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. त्याचे कडे आडव्या पायऱ्यांचे आहेत : एक उभी भिंत, मग उताराची हिरवी पट्टी, पुन्हा उभी भिंत. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. तेव्हा प्लास्टर अर्धवट सुकलेले असतानाच जुन्या चाकूने त्यावर आडव्या रेघा आणि उभ्या भेगा कोराव्यात. रंग एकदम काळा देऊ नये. आधी राखाडी व तांबूस तपकिरी रंगांचे ठिपके, ते वाळल्यावर पुष्कळ पाण्यात कालविलेला काळा रंग वरून सोडावा. तो आपोआप भेगांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट राखाडी रंगाचा हात फिरविला की, कातळ उठून दिसतो.

हिरवाईपूर्वी महिना ठरविणे आवश्यक आहे. श्रावणातला घाट आणि फाल्गुनातला घाट हे दोन वेगळे प्रदेश आहेत. श्रावणात शेवाळलेला कडा, पांढऱ्या धारा आणि धुके. फाल्गुनात पिवळे गवत, निष्पर्ण फांद्या आणि मध्येच पेटल्यासारखा पांगारा. माझा कल फाल्गुनाकडे आहे. एकतर सर्वत्र सारखा हिरवा रंग फासण्याचा मोह टळतो, आणि दुसरे, कोरड्या दिवसांत जमिनीची ठेवण उघडी पडते. गवतासाठी नायलॉनचे बारीक तंतू मिळतात. विजेचा भार देणाऱ्या छोट्या यंत्रातून ते ओल्या गोंदावर सोडले की, ताठ उभे राहतात. यंत्र नसेल तर रंगविलेला लाकडाचा भुसाही चालतो. झाडाचे खोड तांब्याच्या तारा पिळून करावे, पालवीसाठी स्पंजाचा रंगीत चुरा घ्यावा. माती खरीच वापरावी. चाळणीतून गाळून, वाळवून. मात्र आपल्या काळ्या मातीत लोहचुंबकाला चिकटणारे कण भरपूर असतात. ते इंजिनाच्या मोटारीत शिरून तिचा नाश करतात. माती पसरण्यापूर्वी तिच्यातून चुंबक पुन्हापुन्हा फिरवावा.

आता माणसे. दुकानात मिळणाऱ्या डब्यात टोपी घातलेले प्रवासी असतात, छत्री घेतलेल्या बाई असतात, कुत्रा असतो. रुळांवरून रोज पायी चालत चाव्या ठोकून पाहणारा कीमन त्यात नसतो, पहार घेतलेली गँग नसते, डोक्यावर घमेले घेतलेली बाई नसते. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले, म्हणून दोघांची नावे आजही घेतली जातात. १८६३ साली ज्यांच्या हातांनी घाट पुरा झाला, त्यांची नावे घाटाच्या इतिहासात आढळत नाहीत. त्यांची मुले-नातवंडे कोण, हे शोधावयास फार लांब जावे लागणार नाही, असे मला वाटते.

लघुप्रतिकृतीने लोकजीवनाची नोंद ठेवता येते, हे इंग्लंडमध्ये सिद्ध झाले आहे. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तेथे आलेल्या रॉय इंग्लंड यांना ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतील गवताने शाकारलेली घरे पालटताना दिसली. त्यांनी ती मोजून, टिपून, पुठ्ठ्यात उभी करावयास घेतली. त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथे आगगाडीइतकेच महत्त्व परसातल्या भाजीच्या वाफ्याला आहे. घाटाच्या प्रतिकृतीत तेच स्थान गँगच्या झोपडीला, पाण्याच्या माठाला आणि रुळांशेजारी टेकवून ठेवलेल्या फावड्याला द्यावे. बारीक तारेचा सांगाडा करून त्यावर एपॉक्सी पुटीचा पातळ थर दिला की, १९ मिलिमीटरचा माणूस घडतो. चेहरा रंगवीत बसू नये. या मापात माणूस ओळखू येतो तो पाठीच्या वाकण्यावरून. घमेले वाहणारीची मान ताठ असते, पहार टाकणाऱ्याचे गुडघे किंचित दुमडलेले असतात.

या माणसांच्या हाताखालची खडी सर्वांत शेवटी घालतात. बारीक चाळलेली दगडाची कच रुळांमध्ये चमच्याने पसरावी आणि मऊ कुंचल्याने स्लीपरांवरून झाडून दोन स्लीपरांच्या मधल्या खाचांत बसवावी. मग पाण्याचा बारीक फवारा. त्यानंतर निम्मा फेव्हिकॉल, निम्मे पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे ते खडीवर न साचता आत झिरपते. सांध्यांच्या चाव्यांवर, म्हणजे गाडी मार्ग बदलते त्या हलत्या पात्यांवर, थेंबही पडू देऊ नये. एक दिवस हात लावू नये, आणि वाळल्यावर रुळांचा माथा स्वच्छ पुसल्याशिवाय गाडी सोडू नये.