काळ्या कुत्र्याचा फोटो येत नाही म्हणे!

घरात कुत्रं किंवा मांजर आलं की पहिल्या महिन्यातच मोबाइलची मेमरी भरते. त्यातले निम्मे फोटो हललेले, काहींत शेपटीचं टोक तेवढं सापडलेलं, उरलेल्यांत डोळे हिरवे चमकलेले. मग दोष जनावराला तरी जातो नाहीतर मोबाइलला. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात.

‘कॅमेरा भारी हवा.’

खिडकी हवी. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही, म्हणून तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, अगदी १/३० सेकंदापर्यंत किंवा त्याहूनही जास्त. तेवढ्यात मांजरानं मान वळवली की फोटो हललाच. चालतंफिरतं जनावर नीट टिपायला १/२५० सेकंद तरी लागतो, पळणाऱ्याला १/५०० किंवा त्याहून कमी. महागडा मोबाइलही अंधारात या हिशेबातून फारसा सुटत नाही. जनावर खिडकीपासून दोन-तीन हातांवर, तोंड उजेडाकडे आणि आपण खिडकीच्या बाजूला, अशी बैठक जमली की त्याच्या बुबुळात खिडकीचा इवलासा चौकोन उमटतो. तो उमटला की डोळे जिवंत दिसतात. छतावरच्या दिव्याखाली डोळ्यांच्या खोबणीत नुसती सावली साचते.

ऊन मात्र थेट अंगावर नको. ग्रिलच्या सावल्यांनी पांढऱ्या मांजराचा झेब्रा होतो. पावसाळ्यातली ढगाळ सकाळ यासाठी उत्तम, आणि ती आपल्याकडे चार महिने फुकट मिळते.

‘सगळे दिवे लावा, नाहीतर फ्लॅश मारा.’

एक दिवा पिवळा, एक पांढरा, त्यात खिडकीचा निळसर उजेड, अशा भेसळीत अंगाचा खरा रंग कॅमेऱ्याला कळेनासा होतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. वेगवान शटरला ते कळतं आणि फोटोत आडवे पट्टे येतात.

फ्लॅशचं दुखणं वेगळं. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा, उजेड परत फेकणारा थर असतो. अंधुक उजेडात त्यांना आपल्यापेक्षा बरं दिसतं, त्यात या थराचा वाटा मोठा. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला खेटूनच असल्यामुळे तो उजेड सरळ कॅमेऱ्यात परततो, म्हणून डोळे हिरवे-पिवळे चमकतात. निळ्या डोळ्यांच्या काही जनावरांत हा थर नसतो, तिथे माणसासारखी लाल चमक येते. मोबाइलच्या एवढ्याशा फ्लॅशनं जनावर आंधळं होतं ही भीती अवाजवी आहे. पण ते दचकतं, आणि पुढे मोबाइल वर उचललेला दिसला की उठून चालू लागतं.

‘काळ्या कुत्र्याचा फोटो येतच नाही.’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट. कॅमेरा उजेड मोजताना समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळा लॅब्रॅडॉर चौकटभर आला की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, आणि आपला तुकतुकीत काळू धुरकट राखाडी होतो. तोच काळू पांढऱ्या टाइल्सवर बसवा, आता कॅमेरा फरशीच्या झळाळीला फसून उजेड कमी करतो आणि कुत्र्याच्या जागी शाईचा डाग उरतो. पांढऱ्या पॉमेरेनियनचं दुखणं हेच, फक्त उलटं: चौकटभर आला की मळकट.

उपाय बोटाच्या टोकावर आहे. स्क्रीनवर जनावराच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की बहुतेक मोबाइलमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. काळा राखाडी दिसत असेल तर ते खाली ओढा, पांढरा मळका दिसत असेल तर वर. काळ्याला फरशीवर न बसवता गडद सतरंजीवर किंवा मातकट गोधडीवर बसवा आणि उजेड एका बाजूनं येऊ द्या. मग पाठीवरच्या केसांची लव, मानेखालचा भोवरा, कानाची कड सगळं सुटंसुटं दिसतं. आधी ब्रश मात्र फिरवा, कारण काळ्या अंगावर धुळीचा कणही लपत नाही.

‘त्यानं स्थिर बसून कॅमेऱ्यात बघितलं पाहिजे.’

का? झोपलेल्या मांजराचा पंजा, दाराशी वाट बघणारी पाठ हेही फोटोच. आणि आपण उभे राहून वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय गायब. छायाचित्रकार एलियट अरविटनं १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: टोपी-कोट घातलेला चिमुकला चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि एका थोराड कुत्र्याचे नुसते पुढचे पाय. कॅमेरा चिवावाच्या उंचीवर, जवळपास जमिनीला टेकलेला. कुत्र्यांची प्रतिक्रिया मिळवायला अरविट कधी त्यांच्यावर चक्क भुंकत असे. आपल्याला भुंकायला लाज वाटत असेल तर बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर पुरते, पण वारंवार नको, दोनतीनदा फसल्यावर कुत्रं मान वळवत नाही. चेंडू दाखवायचा तर निळा किंवा पिवळा घ्या; लाल आणि हिरव्यातला फरक कुत्र्यांना फारसा कळत नाही.

जवळ जाऊन काढलं की मात्र नाकच मोठं होतं. दोन पावलं मागे या आणि असेल तर २एक्स लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका, तो मिशा आणि कानांवरचे केस पुसून टाकतो. मागचं धूसर हवं असेल तर त्यापेक्षा जनावर भिंतीपासून लांब असू द्या.

‘कपडे घातले की गोड दिसतं.’

आपल्याला दिसतं. कुत्रं वारंवार ओठ चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत असेल, तर ते अवघडलेलं आहे. फोटोतही तेच उतरतं. दिवाळीचा फोटो हवाच असेल तर गळ्यात झेंडूची सैल माळ पुरे. पणत्या शेपटीपासून लांब ठेवा, आणि फोटो दुपारीच काढून घ्या, फटाके सुरू व्हायच्या आत.