ब्रॉडबँड जोडणीवर ग्राहकाच्याच स्क्रिप्टचा पहारा

पहाटे दोनला गजर लावून उठायचे, संगणक सुरू करून मोठ्या फाइली डाउनलोडला लावायच्या आणि सकाळी आठच्या आत आठवणीने जोडणी तोडायची, हा दिनक्रम देशातील अनेक ब्रॉडबँड ग्राहकांनी एकेकाळी पाळला आहे. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ नावाने ब्रॉडबँड सेवा आणली. तिच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत अमर्याद वापराची मुभा होती. इतर वेळी मर्यादा ओलांडली की प्रत्येक एमबीला शुल्क लागे. सकाळी डोळा उघडला नाही, तर देयक फुगलेच म्हणून समजावे. लिनक्स वापरणाऱ्यांनी या जागरणावर उपाय शोधला तो चार-सहा ओळींच्या स्क्रिप्टचा.

दूरध्वनीच्या तारेवरील ब्रॉडबँड नळाच्या पाण्यासारखे आपोआप येत नाही. पीपीपीओई या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड पाठवून प्रत्येक वेळी सत्र उघडावे लागते. ते मोडेम उघडतो की संगणक, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीवर असेल, तर तो केवळ मध्यस्थ राहतो आणि सत्राची सूत्रे संगणकाकडे येतात. ‘राउटर’ पद्धतीत मात्र संगणक बंद केला तरी सत्र उघडेच राहते आणि घरातील एखाद्या मोबाइलने केलेला वापरही खात्यावर चढत जातो. हमखास फसगत होते ती येथे.

डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींत ‘पीपीपीओईकॉन्फ’ ही आज्ञा एकदा चालवून खात्याची माहिती नोंदवता येते. त्यानंतर ‘पॉन’ या आज्ञेने जोडणी सुरू होते, ‘पॉफ’ने तुटते. ठरलेल्या वेळी कामे करणाऱ्या ‘क्रॉन’ या सुविधेत या दोन्ही नोंदवल्या की माणसाला जागे राहण्याचे कारण उरत नाही. अर्थात, संगणक तेवढा चालू असायला हवा. वेळ मात्र अगदी काट्यावर नेमू नये. आकारणी कंपनीच्या घड्याळाने होते, आपल्या नव्हे. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रारंभ आणि पावणेआठला समाप्ती, एवढी सावधगिरी बरी. पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेला असतो; ती फाइल प्रशासक खात्याखेरीज कोणालाही वाचता येऊ नये.

जोडणे-तोडणे यापेक्षाही मोलाचा आहे तो हिशेब. सत्र संपताना पीपीपी ही प्रणाली ‘आयपी-डाउन’ नावाची स्क्रिप्ट चालवते आणि सत्र किती सेकंद टिकले, किती बाइट आले, किती गेले, हे आकडे तिला पुरवते. ते तारीख-वेळेसह फाइलमध्ये लिहिणारी एक ओळ तेथे घातली की महिनाअखेरीस देयक पडताळण्यासाठी स्वतःची वही तयार. हे आकडे त्याच क्षणी टिपावे लागतात. सत्र मिटल्यावर संगणकातील ती मोजणी हाती लागत नाही.

फायबर आले, डेटाच्या मर्यादा वाढल्या आणि रात्रीच्या सवलतीचे अप्रूप संपले. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस करण्यात आला. सत्रही आता बहुधा राउटरच उघडतो. ग्राहकाचे दुखणे उरले आहे ते वारंवार खंडित होणाऱ्या सेवेचे, आणि तेथे स्क्रिप्टला नवे काम मिळते. दर मिनिटाला ‘पिंग’ या आज्ञेने आधी घरातील राउटरला आणि मग बाहेरच्या दोन पत्त्यांना हाक द्यायची, उत्तर आले की नाही हे नोंदवायचे. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष घरात, बहुधा वायफायमध्ये. राउटर बोलतो पण बाहेरचे दोन्ही पत्ते गप्प, तर बिघाड पुढच्या मार्गावर असण्याची शक्यता अधिक. पत्ते दोन घेण्याचे कारण इतकेच, की एखादा सर्व्हर स्वतःच बंद असू शकतो.

‘संध्याकाळी इंटरनेट चालत नाही’ असे मोघम सांगितल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळतो. कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी सेवा गेली आणि केव्हा परतली, याचा तक्ता पुढे केल्यास बोलणे वेगळ्या पातळीवर होते. ट्रायच्या नियमांनुसार तक्रार नोंदवताच कंपनीने तिचा क्रमांक द्यावयाचा असतो आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. स्क्रिप्टने महिनाभर लिहिलेली ही फाइल त्या अर्जाला जोडता येते.